व्हॅनच्या दारावरची बेरीज

'गळका नळ' हा बँड माझ्यामुळे फुटला. हे मी एकतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि त्या बँडच्या नावावर जी पोरगी आपला धंदा चालवते त्या माझ्या भाचीला तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी इतकी वर्षं झाकलेली होती की बोटं आखडून गेली होती.

तुम्ही त्या बँडचं नाव ऐकलं नसेल तर तुमचं काही चुकलं नाही, पण ज्यांनी ऐकलं ते अजून वेडे आहेत. चौघं होते. गाणारा मास्तर. शाळेत गणित शिकवायचा म्हणून मास्तर. गिटारवाला त्याचा लहानपणचा मित्र, एका बाकावरचा. ड्रमवाला. आणि बास वाजवायचा तो मुका. तो मुका नव्हता, पण दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक 'चहा आहे का' हे असायचं. तालमीच्या खोलीत एक नळ थेंब थेंब गळायचा, त्या थेंबावर ड्रमवाला ताल धरायचा, म्हणून नाव गळका नळ. पाचवा मी. मी हॉर्न सोडून काही वाजवत नव्हतो. त्यांची व्हॅन चालवायचो, सामान चढवायचो, उतरवायचो, आणि चौघांवर ओरडायचो. ते काम मला चांगलं जमायचं.

आता त्या दिवसाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या व्हॅनचा डिझेलचा काटा मेलेला होता. दुरुस्तीला न्यायचा, पुन्हा मरायचा. मग मी आपली पद्धत काढली. टाकी भरली की किलोमीटरच्या आकड्यात चारशे मिळवायचे आणि येणारा आकडा दाराच्या आतल्या पत्र्यावर खडूने लिहायचा. मीटर त्या आकड्याला आला की टाकी भरायची. टाकी साडेचारशेच्या वर थोडी जायची, पण मी चारशेलाच भरायचो. खडू मास्तरचाच, त्याच्या खिशात कायम असायचा. माझ्या शेजारच्या सीटवर तोच बसायचा आणि रस्ताभर पाढे म्हटल्यासारखी गाणी पुटपुटायचा.

त्या दिवशी आम्ही बाहेरगावचा कार्यक्रम करून आपल्या शहरात परतत होतो. संध्याकाळी सातला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. सहाशे माणसं येणार होती, आणि परदेशातल्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस. त्याला आवडलं की तीन वर्षांचा करार, देशोदेशीचे दौरे, सगळं. पावणेचारला आम्ही चहाला थांबलो. शेजारीच पंप होता. निघताना मी दारावरचा आकडा बघितला. अजून शंभरावर बाकी दिसत होते आणि शहर बरोबर शंभरावर होतं. म्हटलं, पोचून भरू. पंपासमोरून गाडी सरळ काढली. पावणेसहाला, शहर चाळीस किलोमीटरवर असताना, व्हॅनने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला निजली.

डिझेल संपलं होतं. ड्रायव्हरच्या आयुष्यात यापेक्षा लाजिरवाणं काही नसतं. इंजिन फुटलं तर लोक हळहळतात, डिझेल संपलं तर हसतात. मी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, आणि डोकं बाहेर काढून सांगितलं, "पंप गेला. डिझेल ओढतच नाही." धडधडीत खोटं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि ते चौघं हसले. स्पीकरच्या पेट्या खाली उतरवून त्यांच्यावर बसले आणि पोट धरून हसले. मुकासुद्धा. मला वाटलं, माझा चेहरा बघून माझी लाज राखायला हसताहेत. मास्तरने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस." मास्तरची जीभ कशी तिखट होती ते मला ठाऊक होतं. ते 'बरं केलंस' माझ्या काळजात जे रुतलं ते रुतलं.

सामान माझ्यापाशी टाकून ते चौघं एका बसला हात करून गेले; सामानाशिवाय कार्यक्रम बुडालाच. मी व्हॅनमध्ये एकटा बसून दाराकडे बघितलं आणि मनातल्या मनात पुन्हा बेरीज केली. चारशेऐवजी पाचशे मिळवलेले होते. माझंच अक्षर वाटत होतं, जरा बरं आलेलं. शंभराची चूक. पहिलीतलं पोरही करणार नाही अशी.

दोन आठवड्यांत बँड संपला. कंपनीचा माणूस परत आलाच नाही. मी व्हॅनच्या किल्ल्या मुक्याच्या हातात दिल्या आणि त्या लोकांची वाट सोडली. गिटारवाल्याने पुढे विजेच्या सामानाचं दुकान टाकलं, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. मी बल्ब आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. आणि तेव्हापासून माझ्या कुठल्याही गाडीची टाकी मी निम्म्याच्या खाली जाऊ दिलेली नाही. घरचे चेष्टा करतात. करू देत.

यावर कडी म्हणजे मास्तर दरवर्षी त्याच तारखेला एक कार्ड पाठवतो. सही नाही, नाव नाही, फक्त एक ओळ: 'त्या बेरजेबद्दल आभार.' गणिताचा मास्तर तो, त्याला माझी चूक कळणारच. पण दरवर्षी? एकतीस वेळा? पहिलं कार्ड मी फाडलं. बाकीची पान्ह्यांच्या डब्यात टाकली. कार्ड येतं त्या आठवड्यात घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, बोलून उपयोग नसतो.

*

आता भाची. बँड फुटला तेव्हा ही जन्मायची होती, आणि हिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दर शनिवारी सकाळी ती वीस-पंचवीस लोकांना घेऊन शहरभर चालते. सात थांबे, अडीच तास. लांबलांबून माणसं येतात, गळ्यात छोटा पितळी नळ अडकवून. पाच वर्षं ती माझ्यामागे लागली होती, मामा एकदा तरी ये, तू खरा ड्रायव्हर, लोक वेडे होतील. मी नाही म्हणायचो. तिला वाटायचं, मामाचा स्वभाव तिरसट. स्वभाव तिरसट आहेच, पण खरं कारण सातवा थांबा.

सातवा थांबा म्हणजे तो हॉल. तिथे ती जे सांगते ते मी तिच्या कागदांत वाचलं होतं. 'परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मास्तर आणि गिटारवाल्याचं कडाक्याचं भांडण झालं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. चौघं चार दिशांना गेले.' कुठल्यातरी मासिकाने तेव्हा छापलं आणि तेच चिकटलं. मास्तर कुणाला मुलाखत देत नसे, गिटारवाला 'जाऊ द्या हो' म्हणायचा. आणि मी? मला ते सोयीचं होतं. दोन मित्रांच्या नावावर खोटं भांडण खपत होतं आणि माझं डिझेल झाकलं जात होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं कुणी 'व्हॅन' म्हटलं तरी माझी मान वळायची.

तर त्या शनिवारी सकाळी भाची दारात. गळ्याला मफलर, हातात पांढरी पाटी आणि पेन. पाटीवर लिहिलेलं: 'घसा बसलाय. बावीस जण आलेत. काही तर रात्रभर प्रवास करून. तू चल.'

"दुसरी कोणी नाही?" मी विचारलं.

तिने पुसलं आणि लिहिलं: 'असती तर तुझ्याकडे आले असते का?'

आईवर गेली आहे. माझी बहीणही अशीच, एका वाक्यात गप्प करायची. मी बूट घातले. सातव्या थांब्यापर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं, किंवा पाय तरी मुरगळेल.

तिने मला वाटेत पाटीवरून शिकवलं. वाटाड्याने उलटं चालायचं, म्हणजे तोंड लोकांकडे राहतं. बोट दाखवायचं नाही, ड्रमच्या काठीने दाखवायचं. प्रत्येक वळणावर डोकी मोजायची. उलटं चालायला काय, मी एकतीस वर्षं तेच करत होतो.

बावीस माणसं चौकात उभी होती. भाचीने पाटी वर धरली: 'हे मामा. बँडचे खरे ड्रायव्हर.' अहाहा, काय ते चेहरे झाले. एका बाईने माझा हात धरला आणि सोडेना. पन्नाशीची, दातांची डॉक्टर, हे तिनेच सांगितलं. काखेत जाड फाइल. तिच्या शेजारी एक मिशीवाला, वहीत प्रश्न लिहून आलेला. त्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "मामा, व्हॅनमधल्या भांडणात पहिला हात कोणी उचलला?"

"क्रमाने जाऊ," मी म्हटलं. "सातव्या थांब्यावर."

त्याने वहीत '७' लिहून त्याभोवती गोल केला. मी घाईने उलटा चालायला लागलो.

पहिला थांबा मास्तरची शाळा. दुसरा, ड्रमवाल्याला जिथून हाकलून दिलं ती गाड्या ठेवायची भाड्याची शेड. मी बोलायला लागलो तेव्हा कळलं की मला सगळं आठवतंय. कुठल्या जिन्यावर पेटी अडकायची, कोण कुठल्या खिडकीतून शिव्या द्यायचं. लोक हसत होते. भाची मागून पाटी दाखवत होती, 'हळू बोल', मग 'फाटकाला धडकशील', आणि मी धडकलो.

तिसऱ्या थांब्यावर तालमीची खोली. आत आता एका शिंपिणीचं काम चालतं, ती शनिवारी दार उघडं ठेवते. लोक रांगेने मोरीपाशी गेले आणि नळाचे फोटो काढले. एकाने नळाला कपाळ टेकवलं.

"हा तो नळ नाही," मी म्हटलं. "तो कधीच बदलला. बदलला नसता तर शिंपीणबाईंचं कापड रोज भिजलं असतं."

शिलाई मशीनवरून शिंपीण म्हणाली, "हाही गळतो हो. दोनदा वायसर बदलला." आणि खरंच गळत होता. बावीस माणसं श्वास रोखून एक थेंब पडायची वाट बघत उभी राहिली. पडला. कुणीतरी हुंदका दिला. मी भाचीकडे बघितलं, तिने पाटीवर लिहिलं: 'दर शनिवारी हेच.'

या लोकांची थट्टा करायला मी तयार होतो, पण मला ते जमेना. ही माणसं भली होती. दातांची डॉक्टर सांगत होती की तिच्या दवाखान्यात घाबरणाऱ्या पेशंटला ती गळका नळची गाणी लावते आणि इंजेक्शन कधी दिलं ते कळत नाही. चौथ्या थांब्यावर, पाचव्या, सहाव्या, जितकं मी जास्त खरं सांगत गेलो तितकं सातवं खोटं जड व्हायला लागलं. माझ्यावर विश्वास टाकून ती माझ्यामागे चालत होती. मी उलटा चालत असल्यामुळे ते विश्वासाचे चेहरे मला पूर्ण वेळ बघावे लागत होते. कुणी शोधून काढली ही पद्धत कोण जाणे.

*

हॉल आता गाद्यांचं दुकान आहे. दारावरचं मोठं घड्याळ तेवढं अजून आहे. आम्ही पायऱ्यांवर उभे राहिलो. मी डोकी मोजली, बावीस. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा मिशीवाल्याने वही उघडली.

"हं मामा. पहिला हात."

भाचीने मागून पाटी उंच केली: 'भांडण!!' खाली दोन रेघा.

मला वाटलं होतं, तोंड आपोआप खोटं बोलेल. इतकी वर्षं बोललंच होतं. पण मला समोर गिटारवाला दिसायला लागला, आपल्या दुकानात बल्ब तपासत बसलेला. याच्यावर मी मित्राचा गळा धरल्याचा आळ येऊ दिला आणि वर त्याच्याच दुकानाला वळसा घालून जातो. किती नीच असावं माणसाने?

"भांडण झालंच नाही," मी म्हटलं.

मिशीवाल्याचं पेन थांबलं.

"डिझेल संपलं होतं. माझ्या चुकीने. दारावर आकडा लिहिताना मी चारशेच्या जागी पाचशे मिळवले. आणि त्यांना सांगितलं पंप गेला. चाळीस किलोमीटर अलीकडे गाडी बंद पडली, कार्यक्रम बुडाला, कंपनीचा माणूस निघून गेला आणि बँड फुटला. मी फोडला. मास्तर आणि गिटारवाला एका शब्दाने भांडले नाहीत. तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या."

 भाचीची पाटी हळूहळू खाली आली. तिच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. पाच वर्षांचा तिचा सातवा थांबा मी दोन मिनिटांत मोडला होता.

मग दातांची डॉक्टर म्हणाली, "मामा, गाडी किती वाजता बंद पडली?"

"पावणेसहाला. विसरेन कसा?"

"मग ते जमत नाही." तिने फाइल पायरीवर ठेवली आणि पानं उलटायला लागली. "मी त्या दिवशी इथे होते. रांगेत पहिली. मी आणि माझी बहीण दुपारी दोनपासून. आतून एक कारकून आला आणि दारावर कागद चिकटवून गेला, कार्यक्रम रद्द म्हणून. आम्ही रडलो आणि मग त्या कागदाबरोबर फोटो काढला. हा बघा."

फोटोत दोन पोरी, डोळे सुजलेले. मागे कागद. वर तेच घड्याळ. चार वाजून वीस मिनिटं.

"घड्याळ बंद असेल," मी म्हटलं. आपल्यावरचा आळ जातोय तर आपणच तो ओढून धरतो, काय स्वभाव असतो बघा.

"नव्हतं. साडेचारची बस पकडून आम्ही घरी गेलो. आईला आश्चर्य वाटलं इतक्या लवकर आलो म्हणून. मला कायम वाटायचं की भांडण तीनच्या सुमाराला झालं असणार."

मी घड्याळाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. चार वीसला हॉलला माहीत होतं. चार वीसला आमची व्हॅन चहाच्या टपरीपाशी उभी होती, धडधाकट, आणि मी टपावर चढून दोर आवळत होतो. त्याच्या जरा आधी आमच्यापैकी एकच जण टपरीमागच्या फोनवर गेला होता. 'आईला फोन करून येतो' म्हणाला होता.

"तुझ्याकडे मास्तरचा नंबर आहे?" मी भाचीला विचारलं. तिने मान हलवली आणि आपला फोन माझ्या हातात दिला. नंबर लावूनच दिला.

मी गाद्यांच्या दुकानात शिरलो, कारण बावीस जणांसमोर हे मला झेपलं नसतं. विक्रेता पुढे आला, "मऊ बघायची की कडक?" मी म्हटलं, "बसायला," आणि पहिल्याच गादीवर बसलो.

पलीकडून आवाज आला, "बोल गं."

"मी बोलतोय. ड्रायव्हर."

 मागे कुठेतरी पोरं एका सुरात काहीतरी घोकत होती. मग दार लावल्याचा आवाज. मास्तर म्हणाला, "शेवटी केलास फोन."

"त्या दिवशी चार वाजता तू आईला फोन केलास की हॉलला?"

"हे काय विचारणं झालं? तुला तर सगळं माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"अरे, तूच पंप गेला म्हणालास ना?"

"मास्तर," मी म्हटलं, "मला काहीही माहीत नाही असं समज आणि पहिल्यापासून सांग. तिसरीच्या पोराला सांगतोस तसं."

त्याने सांगितलं. त्याला तो करार नको होता. दौरे नकोत, परदेश नको. "मला सकाळी सात वाजता वर्गात उभं राहायला आवडायचं रे. तेवढंच. पण गिटारवाल्याला तोंडावर सांगायची छाती नव्हती. आयुष्यभर तो त्या दिवसाची वाट बघतोय असं मला वाटायचं." टपरीवरून त्याने हॉलला फोन करून कार्यक्रम रद्द केला. मग परत येऊन व्हॅनमध्ये बसला आणि त्याला घाम फुटला, कारण आता शहरात पोचलो की सगळं उघडं पडणार. दारावर माझा आकडा होता. खिशात खडू होता.

"शंभर मी वाढवले," मास्तर म्हणाला. "तू टपावर होतास. मला वाटलं, तू बघशील आणि बोंब मारशील. तू आकडा बघितलास आणि पंपासमोरून गाडी सरळ काढलीस. मग बंद पडल्यावर डिझेल संपलं असं म्हणालाच नाहीस, म्हणालास पंप गेला. मी समजलो, याला खडूची करामत कळली आहे आणि हा मला पाठीशी घालतोय. म्हणून तर बरं केलंस म्हणालो. दरवर्षी आभार मानतो."

"ते आभार होते?"

"मग काय होतं?"

"मला वाटलं टोमणा आहे."

"एकतीस वर्षं?"

"तुझी जीभच तशी आहे."

"आणि पंप गेला असं का म्हणालास मग?"

"लाज वाटली म्हणून, गाढवा. डिझेल संपलं हे कुठल्या तोंडाने सांगू? मला वाटलं मीच बेरीज चुकलो. मी तुमचा बँड फोडला असं समजून इतकी वर्षं..."  विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं आणि शहाणा माणूस, उशांकडे निघून गेला.

 मास्तर म्हणाला, "अरे देवा. हे मला सुचलंच नाही. गिटारवाल्याला मी दोन आठवड्यांनी सांगितलं. तो म्हणाला, मलाही नको होतं, मी तुझ्यासाठी वाजवत होतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा चौघंही का हसलो असं तुला वाटतं? बाकीच्या दोघांनाही नको होतं, सुटलो म्हणून हसलो. तुला काही सांगायचं बाकी आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट तू आमच्यावर चिडून भेटत नाहीस असं वाटायचं."

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं ते मला त्या गादीवर कळलं.  मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. चुकून एक उशी दाबून धरली होती ती सोडली. तो सगळं ऐकत राहिला, मधेमधे 'बरोबर' म्हणत.

"बाहेर बावीस जण उभे आहेत," मी शेवटी म्हटलं. "त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांग. मी वर्गात रोज सांगतो, चूक झाली तर खोडू नका, वर रेघ मारा आणि बाजूला बरोबर लिहा. आणि स्वतः मात्र खोडून मोकळा झालो." मग म्हणाला, "शिकवणी पाचला सुटते. ये. गिटारवालाही असतो शनिवारी."

*

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. दातांची डॉक्टर रडली आणि हसली. मिशीवाल्याने वहीतला गोल खोडला आणि दुःखाने विचारलं, "म्हणजे कुणीच हात उचलला नाही?"

"मास्तरने उचलला. खडू होता हातात," मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं आणि त्याचं समाधान झालं.

भाचीने पाटीवरचं 'भांडण' बाहीने पुसलं. मला वाटलं ती रागावली असेल. तिने लिहिलं: 'हे जास्त छान आहे. दर शनिवारी येशील?' मी म्हटलं, बघू. म्हणजे हो, तिला कळतं.

साडेतीनला आम्ही तिच्या गाडीतून मास्तरकडे निघालो. ती चालवत होती, मी शेजारी, मांडीवर पान्ह्यांचा डबा. त्यातली तीस कार्डं मी वाटेत एकेक करून वाचली. एकच ओळ, तीस वेळा, आणि या वेळी ती मला नीट वाचता आली. शहर मागे पडलं. एका पंपाजवळ भाचीने वेग कमी केला आणि माझ्याकडे बघायला लागली. काटा पावच्या खाली होता. तिला माझी सवय माहीत आहे, निम्म्याला आला की मी गाडी पुढे जाऊ देत नाही.

मी काट्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं.

"चल गं," मी म्हटलं. "पुरेल."